आमची थकबाकी आम्हाला परत मिळावी

दिनांक : ९ ऑक्टोबर

प्रति,
मा. शाखाधिकारी,
बाजार रस्ता शाखा,
पहिला मजला, दातांच्या दवाखान्याच्या वर.

विषय : कर्ज फिटल्याचा दाखला रद्द करून अर्जदाराच्या कुटुंबास पुन्हा थकबाकीदारांत घेण्याबाबत व शनिवारची वसुली पूर्ववत सुरू करण्याबाबत.

संदर्भ : १) आपले अभिनंदनाचे पत्र, दि. १ सप्टेंबर.
२) आपले ताकीद देणारे पत्र, दि. २९ सप्टेंबर (माझ्या आईने काउंटरवर केलेल्या मागणीविषयी).
३) मी दि. ३ ऑक्टोबर रोजी समक्ष भेटून केलेली विनंती, जी ऐकून आपण माझ्यासाठी पाणी मागवले.

महोदय,

१. मी बाजार रस्त्याच्या मागच्या गल्लीत सोफे, खुर्च्या व गाद्या नव्याने भरून देण्याचा धंदा एकोणीस वर्षे करीत आहे. आपल्या केबिनमधील जी तपकिरी खुर्ची बसताक्षणी डावीकडे कलते, ती माझ्या हातची नाही, याची कृपया सुरुवातीसच नोंद घ्यावी. आपल्या शाखेत माझ्या नावावर चार कर्जे होती. ती सर्व, व्याज व दंडासह, बावीस महिन्यांत फेडून दि. २९ ऑगस्ट रोजी मी मोकळा झालो. त्याबद्दल आपण आमचे अभिनंदन केलेत व सोबत दाखला पाठविलात. दाखल्याचा कागद जाड असून छपाई उत्तम आहे. त्याबाबत तक्रार नाही. तक्रार ही की, दाखला घरात आल्यापासून घराची पार रया गेली आहे.

२. ही कर्जे कशापायी झाली याची नोंद आपल्या दप्तरात 'घरगुती गरज' अशी दोन शब्दांत आहे. वस्तुस्थिती किंचित लांब आहे. पहिले कर्ज अंग दाबून देणाऱ्या विजेच्या खुर्चीचे. एका दुपारी एक विक्रेता दारात आला व ही आपली शेवटची खुर्ची असून ती खपली नाही तर नोकरी जाईल, असे डोळ्यांत पाणी आणून म्हणाला. आईने त्याला जेवू घातले आणि मला दुकानातून बोलावून सही करायला लावली. त्याच्याजवळ शेवटच्या खुर्च्या पुष्कळ होत्या, हे आम्हाला मागाहून कळले. दुसरे कर्ज जागच्या जागी चालण्याच्या यंत्राचे. डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितले होते. त्यांच्या मनात रस्ता होता, हे माझ्या ध्यानात आले नाही. सदर यंत्रावर मी अकरा दिवस चाललो. बाराव्या दिवशी पत्नीने त्यावर ओला टॉवेल टाकला, आणि यंत्र कायमचे त्या कामाला लागले.

तिसरे कर्ज माझ्या मेहुण्याचे. मेहुणा म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ. त्याच्या डोक्यात दर सहा महिन्यांनी एक धंदा येतो. या खेपेस समारंभांत साबणाचे फुगे उडविणारे यंत्र भाड्याने देण्याचा धंदा आला. पहिल्याच वाढदिवसाला फरशीवर इतका फेस साचला की यजमान केक घेऊन जे निघाले, ते कोठेही न थांबता स्वयंपाकघरात पोचले. दुसरा वाढदिवस मिळाला नाही. चौथे कर्ज पहिल्या तीन कर्जांचे हप्ते भरण्यासाठी घेतले. त्या वेळी पत्नी म्हणाली होती, "खड्डा बुजवायला माती त्याच खड्ड्यातून काढतोय आपण." हे वाक्य तेव्हा कोणी मनावर घेतले नाही. माझी पत्नी आपल्याच इमारतीत, खालच्या दवाखान्यात, रुग्णांच्या वेळा लिहून घेण्याचे काम करते. बरोबर बोलण्याची तिला सवय आहे, आणि ते कोणी न ऐकण्याचीही.

३. तीन हप्ते थकल्यावर आपण आपला वसुली कर्मचारी आमच्याकडे पाठविलात. त्यांचे नाव आईने पहिल्याच दिवशी 'हप्तेसाहेब' ठेवले व पुढे तेच रूढ झाले. त्यांना कडक वागण्याची सूचना असावी. ते काखेत बॅग मारून, भुवया चढवून आत आले व उभ्यानेच बोलू लागले. उंबऱ्यापर्यंत आलेल्या माणसाला उभे ठेवणे आईला जमत नाही. तिने त्यांना दंडाला धरून समोरच्या खुर्चीत बसविले. ती खुर्ची वर नमूद केलेली होती. आईचा हात बटणाला लागला. सदर खुर्ची एकदा सुरू झाली की पोटऱ्या घट्ट धरून ठेवते आणि पंधरा मिनिटे पुरी झाल्याशिवाय सोडत नाही. हप्तेसाहेबांनी तशाही स्थितीत कर्तव्य सोडले नाही, हे त्यांच्या सेवापुस्तकात यावे. ते म्हणाले, "तु-तु-तुमचे ती-ती-तीन ह-ह-हप्ते..." आणि माझी मुलगी, जी कॉलेजात शिकते, तोंडावर ओढणी धरून आत पळाली.

बोलता येत नाही असे पाहून त्यांनी हाताशी असलेला बिलांचा गठ्ठा ओढला व वाचायला घेतला. पंधरा मिनिटांनी खुर्ची थांबली तेव्हा त्यांच्या भुवया उतरलेल्या होत्या. ते म्हणाले, "तुमच्याकडे स्कूटर आहे?" मी म्हणालो, "नाही, तीन वर्षांपूर्वी विकली." ते म्हणाले, "मग तिचा विमा कोण भरतंय?" आम्ही सर्वांनी एकमेकांकडे पाहिले. विमा आम्हीच भरीत होतो. हरवलेल्या एका मोबाइलचे बिलही भरीत होतो. एकच वर्तमानपत्र दोन विक्रेत्यांकडून घेत होतो, कारण पहिल्याला बंद कर म्हणायचा आईला संकोच वाटे. हप्तेसाहेबांनी बॅगेतून कोरी वही काढली, तीवर आमचा खाते क्रमांक लिहिला आणि म्हणाले, "दर शनिवारी साडेपाचला येत जाईन. सगळ्यांनी घरी थांबायचं."

४. चौथ्या शनिवारी जे घडले ते लिहिताना मला आजही लाज वाटते. परंतु अर्जात सत्य लिहावे असा दंडक असल्याने लिहितो. आईने त्यांना त्या दिवशी सोफ्यावर बसविले. ते बसले, थोडे डावीकडे सरकले, थोडे उजवीकडे सरकले, आणि म्हणाले, "सोफावाले, हा कुरकुरतोय का?" मी म्हणालो, "काथ्या नवा आहे." ते म्हणाले, "काथ्या कागदासारखा वाजतो?"

पत्नीने माझ्या तोंडाकडे पाहिले. तिने माझ्याच अवजारांतले पाते आणले आणि बैठकीची शिवण उसवली. आतून दुसऱ्या एका बँकेच्या कार्डाची चौदा महिन्यांची बिले निघाली. खुलासा असा की, एका उपाहारगृहाच्या चाळीस खुर्च्या मी उधारीवर भरून दिल्या होत्या व त्याचा मालक चाळीसही खुर्च्यांसह बेपत्ता झाला होता. हे घरी सांगायचे धैर्य झाले नाही. मग दर महिन्याला मी कार्डावरून पैसे उचलून 'खुर्च्यांचे आले' असे सांगून पत्नीच्या हातावर ठेवीत होतो, आणि आलेले बिल सोफ्यात शिवीत होतो.

मग पत्नी म्हणाली, "कर्जाचं जाऊ दे. चौदा महिने मी ह्याच जागी बसून हिशेब जुळवत होते. जुळत नाही म्हणून स्वतःला मूर्ख समजत होते." आई म्हणाली, "शिवण मात्र सुंदर घातलीय." आईचा हेतू वातावरण हलके करण्याचा होता. तसे झाले नाही. हप्तेसाहेब उठले, स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा पेला भरला, पत्नीच्या हातात दिला, आणि वहीत पाचवा रकाना आखला. कार्ड आपल्या बँकेचे नसतानाही त्यांनी तो आखला. पत्नी माझ्याशी नऊ दिवस बोलली नाही. दहाव्या दिवशी बोलली ते एवढेच, "सोफा शिवून टाक. रिकामा."

५. त्यानंतर घरात जी शिस्त आली ती पाहण्यास आपण स्वतः यायला हवे होते. हप्तेसाहेबांनी सर्वांत लहान देणे आधी फेडायचे ठरविले. एक तरी रकाना बंद झाला की माणसाला हुरूप येतो, असे त्यांचे म्हणणे. प्रत्येक खरेदीपूर्वी त्यांना फोन करावा असा नियम केला. आईने तो अक्षरशः पाळला. आपल्या कार्यालयीन वेळेत त्यांना जे फोन येत ते बहुतांश आमच्या घरून असत, त्याबद्दल दिलगीर आहे. "साहेब, डोक्याला लावायचं तेल घेऊ का?" "आजी, घरात आहे का?" "अर्धी बाटली आहे." "मग?" "मग पुढच्या महिन्यात घेते." असे संभाषण आमच्या घरात पूर्वी कधी झाले नव्हते. हेच माझी पत्नी वीस वर्षे सांगत होती. परंतु ती चपला काढून, ओल्या हाताने सांगे. हप्तेसाहेब बूट घालून, बॅग घेऊन सांगत. फरक पडतो.

विजेची खुर्ची केस कापणाऱ्याच्या दुकानाने घेतली. तिथे आता गिऱ्हाईक पंधरा मिनिटे उठू शकत नसल्याने धंदा वाढला आहे, असे कळते. चालण्याचे यंत्र विकायला काढले तेव्हा कपडे कोठे वाळत घालावे हा प्रश्न आला. हप्तेसाहेबांनी दोन खिळे व दोरी सुचविली. मेहुण्याला शनिवारी मुद्दाम बोलावले. तो नव्या धंद्याचा कागद घेऊन आला होता. हप्तेसाहेबांनी तो कागद उलटा केला व मागच्या कोऱ्या बाजूवर मेहुण्याने आम्हाला दरमहा किती द्यायचे ते लिहिले. मेहुणा आजतागायत देत आहे. त्याला वाटते, तोही बँकेचा कर्जदार आहे. कृपया आपल्याकडून त्याचा गैरसमज दूर होऊ नये. मुलीने शिकवण्या धरल्या. मी रविवारी दवाखान्यातल्या दात काढायच्या खुर्च्या भरल्या. पत्नीने जादा पाळी केली. आणि आईने, जिच्याजवळ कमाईचे काही साधन नाही, तिने दारावर येणाऱ्या विक्रेत्यांना "आमचे हप्तेसाहेब विचारतील" असे सांगायला सुरुवात केली. ते पुन्हा येत नसत.

६. दि. २९ ऑगस्ट रोजी शेवटचा हप्ता भरायला आम्ही सर्व इस्त्रीचे कपडे घालून आपल्या शाखेत आलो होतो. रोखपालाने शिक्का मारला तेव्हा आईने तो पुन्हा एकदा मारायला सांगितला, कारण तिला नीट दिसला नव्हता. त्या दिवशी आम्ही फार आनंदात होतो. चूक तिथेच झाली.

७. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, हप्तेसाहेब अखेरचे आले. पाचही रकान्यांवर तिरपी रेघ मारून त्यांनी वही पत्नीच्या हातात दिली. ते म्हणाले, "आता माझं इथे काही काम नाही." आई म्हणाली, "पुढच्या शनिवारी साडेपाचलाच ना?" ते म्हणाले, "आजी, तुम्ही आता थकबाकीदार नाही." आई म्हणाली, "मग आम्ही कोण?" त्यांनी रुमालाने चष्मा पुसला. वास्तविक तो स्वच्छ होता.

८. त्यानंतरची अवनती तारीखवार पुढीलप्रमाणे. दि. ६ सप्टेंबर : साडेपाच वाजता सर्व जण आपापल्या जागी बसलो. कोणी आले नाही. सहाला उठलो. दि. १३ : आईने पाय गरम ठेवणाऱ्या विजेच्या पिशवीचा विषय काढला. कोणाला फोन करावा हे न कळल्याने कोणीच नाही म्हणाले नाही. दि. २० : हरवलेल्या मोबाइलच्या कंपनीने आपण परत यावे म्हणून मुलीला गळ घातली व मुलगी विरघळू लागली. दि. २७ : मी स्वतः, ज्याने सर्वांत जास्त शहाणपण शिकायला हवे होते, आपोआप उघडणारा कचऱ्याचा डबा सहा हप्त्यांत आणला. जवळून कोणी गेले की त्याचे झाकण उघडते. आमचे स्वयंपाकघर अरुंद असल्याने जवळून न जाण्याची सोय नाही. परिणामी तो दिवसभर तोंड उघडून बसलेला असतो, आणि पत्नी एकदा त्याच्याकडे पाहते व एकदा माझ्याकडे. बोलत काही नाही. मागच्या वेळचे नऊ दिवस आठवून मी दिवस मोजू लागतो. दि. ४ ऑक्टोबर : मेहुणा गुदगुल्या करणाऱ्या उशांचा कागद घेऊन आला. त्याची मागची बाजू या खेपेस छापील होती.

९. आम्ही हातावर हात ठेवून बसलो होतो असे नाही. प्रथम मी हप्तेसाहेबांसारखी बॅग काखेत मारून साडेपाचला आत आलो. आई म्हणाली, "आलास? दळण आण." मग मुलीने त्यांचा आवाज काढून आजीला खालच्या खोलीतून फोन केला. आईने तिला अभ्यासाला बसविले. अखेर आई कोणालाही न सांगता आपल्या शाखेत आली व काउंटरवर म्हणाली, "मला बुडवता येईल असं सगळ्यात लहान कर्ज द्या." हे आपल्या रोखपालास धमकीवजा वाटले, असे संदर्भ क्र. २ वरून दिसते. तिचा हेतू प्रामाणिक होता. ती जामीनदार म्हणून मलाच दाखविणार होती.

यात भर अशी की, आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे बँडवाले गृहस्थ सध्या खरोखरीचे थकबाकीदार आहेत, आणि हप्तेसाहेब दर मंगळवारी त्यांच्याकडे येतात. भिंत पातळ आहे. मंगळवारी आम्ही आमच्या घरात बोलणे बंद ठेवतो. परवा हप्तेसाहेब शेजाऱ्यांना म्हणाले, "दुसरा ट्रम्पेट कशाला हवा? तोंड एकच आहे ना?" हे ऐकून आमच्या आईच्या डोळ्यांत पाणी आले. ती म्हणाली, "बघ, कसं पटेल असं बोलतात." बँडवाले जिन्यात भेटले की म्हणतात, "तुमचं काय बाबा, तुम्ही सुटलात." त्यांच्या सुराला एक प्रकारची घमेंड आहे. ज्याच्याकडे कोणीतरी येते, त्याची घमेंड.

१०. सबब विनंती की, पुढीलपैकी जे आपल्या अधिकारात असेल ते करावे :

(अ) दि. १ सप्टेंबरचा दाखला रद्द समजून आम्हास पुन्हा थकबाकीदारांत घ्यावे. मूळ दाखला परत करण्यास तयार आहे. त्यावर कपाचा एक गोल डाग आहे, तो आमचा.

(आ) तसे शक्य नसल्यास आमच्या खात्यात एक पैसा बाकी राहिल्याचे आढळून यावे. तो पैसा मी कधीही भरणार नाही, याची हमी स्टँप कागदावर देतो. त्यावरील दंड मात्र वेळच्या वेळी भरीन.

(इ) तेही नियमात बसत नसल्यास महिन्यातून एक धमकीचे पत्र पाठवावे. मजकूर जरा जरबेचा असावा. 'आपले विश्वासू' असे शेवटी घालू नये. त्याने आई पाघळते.

(ई) काहीच शक्य नसल्यास हप्तेसाहेबांची मंगळवारची बैठक बँडवाल्यांच्या आतल्या खोलीऐवजी आमच्या भिंतीलगतच्या खोलीत घ्यावी व थोडे मोठ्याने बोलण्याची त्यांना समज द्यावी.

महोदय, आपण समक्ष भेटीत म्हणालात की, असा अर्ज आपल्या तीस वर्षांच्या नोकरीत आला नाही. मान्य आहे. परंतु कर्ज फेडायला धाक लागतो, आणि फेडून झाल्यावर जो धाक लागतो तो कोणत्या खिडकीवर मिळतो, हे कोणी सांगत नाही. मी कारागीर माणूस आहे. खुर्चीची स्प्रिंग बसली तर मला दुरुस्त करता येते. माझी स्वतःची बसली आहे. आपण लक्ष घालाल तर एक कुटुंब पुन्हा सहा हप्त्यांच्या वाटेने जायचे वाचेल.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र
(सही)
सोफे, खुर्च्या व गाद्या भरून देणार,
माजी थकबाकीदार

सोबत :
१) कर्ज फिटल्याचा दाखला, मूळ प्रत (डागासह).
२) कचऱ्याच्या डब्याची पावती.
३) आईचे निवेदन (आईने सांगितले, मुलीने लिहिले; त्यातील 'आमचे साहेब आम्हाला द्या' हे वाक्य सात वेळा आले आहे ते तसेच ठेवले आहे).

(पाठीमागे, वेगळ्या हस्ताक्षरात)

दि. १३ ऑक्टोबर

साहेब,

यांनी हा अर्ज टपालात टाकायला माझ्याजवळ दिला. पाकीट बंद नव्हतं, म्हणून वाचला. वाचून आधी हसले. मग 'आपण काय बोललो ते यांना सगळं पाठ आहे' हे लक्षात आलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला.

हा अर्ज निकाली काढावा. शनिवारी सव्वापाचला मी बाहेर गेले, साडेपाचला बेल वाजवली आणि चपला न काढता आत आले. सासूबाई म्हणाल्या, "कोण गं?" मी म्हटलं, "वसुली." त्या उठून नीट बसल्या. वही माझ्याकडे होतीच. नवं पान उघडलं.

सासूबाईंनी पाय गरम करायची पिशवी मागितली. मी विचारलं, "मोजे आहेत?" त्या म्हणाल्या, "तीन जोड." मी म्हटलं, "मग?" त्या म्हणाल्या, "मग घालते." मुलीला हरवलेल्या फोनचं बिल पुन्हा सुरू करायचं होतं, तिला फोन शोधायला सांगितला. माझ्या भावाला दारातूनच महिन्याचे पैसे मागितले. त्याने दिले, आणि उशांचा कागद परत खिशात घातला. डबा आज दुकानात परत केला. दुकानदार घेईना, तेव्हा मी त्याच्या समोर अर्धा तास उभी राहिले. दवाखान्यात मी रोज दात दुखणाऱ्या माणसांना 'डॉक्टर येतील' असं सांगते. अर्धा तास म्हणजे काहीच नाही. सोबतची पावती क्र. २ त्यामुळे रद्द समजावी.

दाखला मी पाकिटातून काढून घेतला आहे. तो आम्हाला लागेल.

तुमच्या वसुलीच्या साहेबांना आमच्याकडे पाठवू नये. शेजाऱ्यांचं अजून पुष्कळ बाकी आहे, त्यांना तिथे राहू द्या. चहाला मात्र अवश्य यावं असं सांगा. बॅग घरी ठेवून.

हा कागद फाडून टाकणार होते, पण पाकिटावर तिकीट आधीच चिकटवलेलं होतं. ते वाया घालवणं बरं दिसत नाही, म्हणून पाठवते आहे.

एक सांगायचं राहिलं. सगळ्यांचं झाल्यावर हे शेवटी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. म्हणाले, कापड कापायची कात्री घ्यायची होती. मी म्हटलं, आधीची दाखवा. त्यांनी दुकानातून आणून दाखवली. मी टेबलावर जुन्या रेक्झिनचा तुकडा ठेवला आणि स्वतः कापून पाहिला. कापत नव्हती. नुसती चावत होती. किती महिने याच कात्रीने काम करता, विचारलं तर म्हणाले, "दोन वर्षं. मागायची कशी?"

वहीत लिहिलं आहे : कात्री, एक, चांगल्यातली. मंजूर.

(सही)
यांची पत्नी